आधी वाऱ्याला विचारा! भांडुपकरांसाठी ग्रीक बेटांची शिडाची सफर

जुलैमध्ये भांडुपच्या डोंगरउतारावर पाऊस कोसळत असतो, तेव्हा पाच हजारांहून अधिक किलोमीटर दूर एजियन समुद्रावर आभाळ निरभ्र असतं आणि उत्तरेचा वारा शिडं फुगवत असतो. या दोन्हींचं नातं जवळचं आहे. आपल्या पावसाळ्याचा कमी दाबाचा पट्टा पश्चिमेला पार तुर्कस्तानपर्यंत लांबतो, बाल्कन देशांवर मात्र जास्त दाब असतो, आणि या फरकातून ग्रीसचा प्रसिद्ध मेल्टेमी वारा सुटतो. म्हणूनच शिडाची बोट भाड्याने घेऊन ग्रीक बेटं हिंडायची असतील, तर सगळ्यात आधी वारा समजून घ्यावा. विमान, व्हिसा, बॅगा हे सगळं त्यानंतर. त्यासाठी ही चटपटीत शिदोरी.

ग्रीक आधी आपल्याकडे आले

भांडुपहून स्लो लोकलने ठाणे, डोंबिवली करत आपण ज्या कल्याणला उतरतो, ते ग्रीक खलाशांना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ ही सागरी वाटाड्याची वही लिहिली. तिच्यात कल्याण, सोपारा आणि चौल ही आपली तिन्ही बंदरं आहेत. शिवाय एक इशाराही आहे: कल्याणला लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची शक्यता असते! सत्ता बदलली होती आणि नव्या सत्ताधाऱ्यांनी हे बंदर अडवून धरलं होतं. परदेशी बंदरात शिरण्याआधी तिथले नियम विचारून घ्यावेत, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

मान्सूनवर स्वार

हे ग्रीक व्यापारी इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य मान्सूनच्या जोरावर भर समुद्रातून आपल्या किनाऱ्याकडे येत. किनारा सोडून अशी सरळ वाट काढण्याचं श्रेय ‘पेरिप्लस’ने हिप्पालस नावाच्या नावाड्याला दिलं आहे. पुढे त्या वाऱ्यालाही त्याचंच नाव मिळालं. या ग्रीकांना तेव्हा इथे यवन म्हणत, आणि कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन दात्यांची नावं आजही वाचता येतात.

भांडुपमध्ये सुचलेला प्रवास

मुंबईला ठाणे, कल्याण आणि थळ-बोर घाटांशी रेल्वेने जोडावं, ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये सुचली ती भांडुपच्या भेटीत. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. शिडाच्या बोटीचा हिशेब समजायला हेच अंतर उपयोगी पडतं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे साधारण १८ सागरी मैल. सुट्टीसाठी मिळणाऱ्या बोटी बहुधा ताशी पाच-सहा सागरी मैल जातात. त्यामुळे हे अंतर कापायला तीन-साडेतीन तास लागतात, आणि एका दिवसासाठी एवढा पल्ला भरपूर होतो. आठवड्यात दहा बेटं उरकायचा हट्ट धरलात, तर सुट्टी सुकाणू धरण्यातच संपेल. चार-पाच बेटं निवांत बघा.

सहा हजार बेटं, माणसं राहतात ती २२७

लहानमोठी मिळून ग्रीसची सुमारे सहा हजार बेटं आहेत. त्यांतल्या २२७ बेटांवरच वस्ती आहे. नवख्यांनी तीन पाण्यांतून निवड करावी.

सारोनिक आखात: अथेन्सला लागून, अंतरं छोटी, वारा बेताचा. एजिना पिस्त्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि अथेन्सच्या आलिमोस मरिनापासून पंधरा-सोळा सागरी मैलांवर आहे. इड्रा बेटावर खासगी मोटारींना बंदी आहे, सामान गाढवं आणि खेचरं वाहतात.

आयोनियन समुद्र: पश्चिमेला कोर्फू, लेफ्काडा, केफालोनिया, इथाका. सकाळी पाणी शांत असतं, दुपारनंतर वायव्येचा मोजका वारा सुटतो. पहिल्या सफरीसाठी, मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर विशेषच, हाच समुद्र योग्य. होमरच्या ओडिसियसला ट्रॉयहून इथाकाला पोचायला दहा वर्षं लागली. लेफ्काडाहून तुम्ही एका दिवसात पोचाल.

सिक्लाडीज: पारोस, नाक्सोस, मिकोनोस, सांतोरिनी. पोस्टरवरची पांढरी घरं इथलीच, आणि मेल्टेमीचा खरा जोरही इथेच.

मेल्टेमीचा मान ठेवा

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी कधीकधी वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफोर्ट मापावर सातपर्यंत चढतो, म्हणजे ताशी ५० ते ६१ किलोमीटर. आभाळ स्वच्छ असल्याने नवखा माणूस फसतो, कारण आपल्याकडे वादळ काळे ढग घेऊन येतं. हा वारा सलग काही दिवसही वाहतो, म्हणून बेतात एक-दोन दिवस मोकळे ठेवा. सिक्लाडीजला जायचंच असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. आपले कोळीबांधव जून-जुलैत मासेमारीबंदी पाळून होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नव्याने निघतात. समुद्राचं वेळापत्रक पाळण्याची ही समज ग्रीसमध्येही तितकीच लागते.

सर्वांत देखणं बेट, सर्वांत अवघड नांगर

सांतोरिनी म्हणजे पाण्यात बुडालेलं ज्वालामुखीचं विवर. कड्यांखालचं पाणी शेकडो मीटर खोल आहे, त्यामुळे नांगर टेकायला तळच हाताशी लागत नाही. भाड्याच्या बोटींना जागा मिळते ती मुख्यतः दक्षिणेच्या छोट्या व्लिहाडा बंदरात. अनेक जाणते खलाशी आपली बोट शेजारच्या बेटावर ठेवून सांतोरिनीला फेरीबोटीने जातात. तुम्हीही तेच करा.

भरती हरवलेला समुद्र

मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. भांडुप पंपिंग स्टेशनमागे ओहोटीला खाडीचा चिखल मैलभर उघडा पडतो, आणि त्याच चिखलात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चरतात. ग्रीसमध्ये भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटरच असतो. म्हणून तिथे बोट उलटी लावतात: पुढून नांगर टाकायचा, मागे मागे येत धक्क्याला लागायचं आणि फळीवरून थेट हॉटेलच्या टेबलाशी उतरायचं! हे कौशल्य पहिल्याच दिवशी शांत वाऱ्यात दोन-चारदा करून पाहा.

पक्षी इथे, पक्षी तिथे

आपल्या दारातलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर कालोनीच्या मिठागरांतही रोहित पक्षी दिसतात. भांडुप-कांजूरच्या मिठागरांजवळ वाढलेल्या माणसाला तिथे ओळखीचं कोणीतरी भेटल्याचा आनंद होईल.

सल्ला देणारा कवी

ख्रिस्तपूर्व सातशेच्या सुमारास हेसिअड या ग्रीक कवीने सांगून ठेवलं की, उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस उलटल्यावर पुढचे पन्नास दिवस जलप्रवासाला चांगले. त्याचा स्वतःचा समुद्रप्रवास मात्र एकच, औलिसहून समोरच्या युबीया बेटावर, तोही चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडण्यापुरता. ही सामुद्रधुनी चमत्कारिक आहे. हाल्किदा शहराजवळ तिच्यातला प्रवाह दिवसातून अनेकदा दिशा पालटतो. भरती जवळजवळ नसलेल्या देशातला हा अपवाद पाहायला पुलावर आजही गर्दी होते.

डोंगर कापून काढलेली वाट

सारोनिक आणि कोरिंथचं आखात जोडणारा कोरिंथ कालवा १८९३ मध्ये पूर्ण झाला. लांबी सहा किलोमीटरांहून थोडी जास्त, रुंदी जेमतेम पंचवीस मीटर, दोन्ही बाजूंना उभे कडे. रोमन सम्राट नीरोने पहिल्या शतकातच खोदाई सुरू करवली होती. त्याहीआधी ग्रीकांनी दगडी वाट बांधून जहाजं जमिनीवरून ओढत पलीकडे नेली. मराठी माणसाला घाट फोडण्याचं मोल कळतं, त्यामुळे या कालव्यातून जाताना मान आपोआप वर होते.

परवाना कोणाकडे?

नुसती बोट घेऊन स्वतः चालवायची असेल, तर ग्रीसमध्ये एकाकडे मान्य परवाना लागतो आणि जोडीला बोटीचा अनुभव असलेली दुसरी व्यक्ती लागते. परवाना नसेल तर स्किपरसकट, म्हणजे कप्तानासकट, बोट घ्या. त्याला वारा, खडक आणि कोणत्या धक्क्यावर कधी जागा मिळते हे पाठ असतं. भाडं बहुधा शनिवार ते शनिवार असतं, अनामत रक्कम द्यावी लागते आणि प्रवाशांची यादी आधी पाठवावी लागते. करारात रात्री बोट चालवायला मनाई आहे का, डिझेलचे पैसे कोणाचे, शिडं फाटली तर कोण भरणार, हे तीन प्रश्न सहीआधी विचारा.

पाण्याचं भान

मुंबईला शुद्ध पाणी पुरवणारं भांडुप संकुल आशियातल्या सर्वांत मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत गणलं जातं. बोटीवर मात्र सहा-आठ जणांमागे टाकीत काहीशे लिटरच पाणी असतं. भांडी समुद्राच्या पाण्यात विसळून घ्या, आंघोळ आटोपती ठेवा आणि प्रत्येक बंदरात टाकी भरा.

शाकाहारी उपाशी राहत नाहीत

ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेत उपासाचे दिवस खूप, म्हणून मांस-दूध नसलेले पदार्थही खूप. तांदूळ भरलेले टोमॅटो, पांढऱ्या वालासारख्या मोठ्या बियांची भाजी, आणि सांतोरिनीचं फावा. पिवळ्या डाळीच्या घट्ट गोळा वरणासारखं फावा लागतं, वरून ऑलिव्ह तेल, कांदा आणि लिंबू. मसाल्याची पुडी मात्र घरून न्या.

कागदपत्रं

ग्रीस शेंगेन गटात आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. कोस, ऱ्होड्स अशा पूर्वेकडच्या बेटांवरून तुर्कस्तानचा किनारा डोळ्यांना दिसतो. पण तो शेंगेनबाहेर आहे, तिथल्या व्हिसाशिवाय सुकाणू तिकडे वळवू नका.

शिडाचा वारसा आपलाही

शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. १८४६ पासून मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारुख तारापोर-झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकलं. नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ ही शिडाची बोट गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’वरून प्रदक्षिणा घातली.

तेव्हा भांडुपकरहो, ग्रीसचा बेत पुढच्या वर्षीचा ठेवा आणि तयारी याच ऑक्टोबरला सुरू करा. पाऊस सरला की मुंबई बंदरात शिडाच्या बोटी पुन्हा उतरतात, तिथे भाड्याने बोट मिळते आणि शिकवणारेही भेटतात. दोन-चार रविवार सुकाणू हातात धरा, दोर बांधायला शिका, घरच्या मंडळींना बोट लागते का तेही पाहून घ्या. मग आयोनियन समुद्रातला एक आठवडा ठरवा, मे-जून किंवा सप्टेंबरमधला. वारा ओळखता आला की कोणतंही बेट परकं राहत नाही.