कागदावर नसलेली नक्षी

कश्काई गालिचा समोर आला की आधी त्याचे कोपरे पाहावेत. काशान-इस्फहानच्या कारखान्यांत विणकरापुढे चौकटींच्या कागदावर रंगवलेला आराखडा असतो, त्यामुळे काठाची वेल कोपऱ्यात अलगद वळते. कश्काई बाईपुढे कागद नसतो. काठाची फुलं विणत ती कोपऱ्याशी येते, तेव्हा कधी अर्ध्याच फुलापुरती जागा उरलेली असते. मग ती फूल तिथेच तोडते, दाबून बसवते, नाहीतर एखादा चौकोन घालून पुढे जाते. काहींना हा दोष वाटतो. मला विणणारीचं डोकं सगळ्यात स्वच्छ दिसतं ते इथेच.

कश्काई हे इराणच्या फार्स प्रांतातले, तुर्की बोलणारे, परंपरेने भटके मेंढपाळ. हिवाळा आखाताकडच्या उबदार सखल भागात, उन्हाळा झाग्रोसच्या उंच कुरणांवर. त्यांचा माग जमिनीवर आडवा, खुंट्यांना ताणलेला. तळ हलला की खुंट्या उपटायच्या, अर्धा विणलेला गालिचा गुंडाळायचा आणि जनावरावर लादायचा. नव्या जागी ताण तंतोतंत तेवढाच बसत नाही, म्हणून कडा थोड्या आतबाहेर होतात. लोकर कातरणं आणि माग बांधणं पुरुषांकडे. सूत, रंग, नक्षी आणि विणकाम बायकांकडे. मुली आईशेजारी बसून शिकतात.

मधोमध बहुधा समभुज चौकोनी पदक असतं, त्याला आकडे फुटलेले. भोवती मोकळ्या जागेत बकऱ्या, मोर, फुलं, बोटभर माणसं. आणि बोतेह, म्हणजे आपली कोयरीच. पण शालीवरच्या कोयरीची गोलाई इथे नाही. लोकरीच्या जाड गाठींत वळण पायरीपायरीनेच चढतं आणि कोयरी कोनदार होते. गब्बे नावाच्या जाड, लांब केसांच्या गालिच्यांवर सिंह दिसतात. शिल्पकार परवीज तनावली यांनी ते आवडीने जमवले, त्यांवर पुस्तक लिहिलं. इराणातले रानातले सिंह विसाव्या शतकात संपले, तरी विणणाऱ्या बायका सिंह घालत राहिल्या.

दुकानात प्रत्येक आकृतीला एकेक अर्थ चिकटवून मिळतो: हे दीर्घायुष्य, ते सौभाग्य. त्यावर फार विसंबू नये. पुष्कळ नक्ष्या आईने घातल्या म्हणून मुलीने घातल्या, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

1930 च्या दशकात इराणचा राजा रेझा शाह याने भटक्यांना सक्तीने वसवलं. रासायनिक रंग त्याआधीच आले होते. 1980 च्या दशकापासून शिराझचे व्यापारी घोलामरेझा झोलानवारी यांनी वनस्पतिरंगांचे गब्बे पुन्हा विणवून घेतले. 1996 मध्ये मोहसेन मखमलबाफ यांच्या ‘गब्बे’ चित्रपटाने ते जगभर पोचवले. हे वनस्पतिरंग असे: मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा. सूत थोडं थोडंच रंगवतात, त्यामुळे एका खेपेचं सूत संपलं की पुढच्या ओळीपासून निळा जरा फिका किंवा गडद होतो. रंग बदललेल्या या पट्ट्याला अब्रश म्हणतात. 2010 मध्ये युनेस्कोने फार्सच्या विणकामाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते या सगळ्यासकट: कातरणी, रंग, आणि एकाच विणकरणीचे दोन गालिचे सारखे न निघणं.