बंधुसंप्रदाय आणि मननपूर्वक वाचन : वारकरी परंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना

समान व्रत, समान खूण आणि परस्परांविषयी बंधुभाव यांवर उभ्या असलेल्या संघटना जगात सर्वत्र आढळतात. युरोपातील ख्रिस्ती मठसंघ किंवा फ्रीमेसनांच्या लॉज ही त्यांची परिचित उदाहरणे होत. महाराष्ट्रात असा बंधुसंप्रदाय शोधावयाचा झाल्यास वारकरी संप्रदायाकडेच प्रथम पाहावे लागते. येथे दीक्षेचा थाट नाही, गुप्तताही नाही. तथापि तुळशीची माळ, एकादशी, पंढरीची वारी, मद्यमांसाचा त्याग आणि नित्य हरिपाठ ही बंधने निश्चित आहेत. दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात आणि एकमेकांस 'माउली' म्हणतात. 'बंधु' हा शब्द येथे काहीसा अपुरा पडतो, कारण जनाबाई व बहिणाबाई यांच्यावाचून ही परंपरा पुरी होत नाही.

या संप्रदायाच्या प्रवेशद्वारीच ग्रंथ आहे. माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून मग ती ज्येष्ठ वारकऱ्याच्या हस्ते गळ्यात घातली जाते. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि तुकोबांची गाथा या तीन ग्रंथांस संप्रदायात प्रस्थानत्रयीचा मान आहे. अशा ग्रंथनिष्ठ मंडळींनी ग्रंथ कसा वाचावा, हा प्रश्न म्हणूनच गौण ठरत नाही.

वागळे इस्टेटमधील पारायण

ठाण्यातील वागळे इस्टेट ही १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक होय. येथील कारखान्यांच्या आधाराने किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर अशा वस्त्या वाढल्या. कोकणातून व पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांनी गावाकडील हरिपाठ व सप्ताह आपल्याबरोबर आणले. पुढे अनेक कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या. पाळीचे भोंगे गेले, सप्ताह मात्र राहिले.

गावातील सप्ताहात पारायणाइतकेच महत्त्व प्रवचनास असते. सकाळी वाचलेल्या भागावर सायंकाळी कोणी जाणता बोलतो, श्रोते शंका विचारतात. शहरात सुटी मर्यादित असते, मंडपासाठी जागा अपुरी असते. अशा वेळी जे मोजता येते ते टिकते आणि जे मोजता येत नाही त्यास कात्री लागते. मोजता येते ते पारायण. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,००० आहेत. सात दिवसांत त्या पूर्ण करावयाच्या म्हणजे दररोज सुमारे १,२८५ ओव्या होतात. दिवसाकाठी पाच तास बसले तरी एका ओवीच्या वाट्यास जेमतेम चौदा सेकंद येतात. तेवढ्या वेळात उच्चार होतो, अर्थाशी थांबणे होत नाही.

पारायण निरर्थक आहे असे येथे सुचवावयाचे नाही. सामुदायिक उच्चाराने शब्द कानात बसतात. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा पिढ्यांनी अभंग जपले ते याच मार्गाने. परंतु बृहदारण्यकात याज्ञवल्क्याने मैत्रेयीस जे श्रवण, मनन व निदिध्यासन सांगितले, त्यांपैकी पारायण हे केवळ श्रवण होय. बाराव्या शतकातील कार्थुसियन साधू गिगो दुसरा यानेही मठवासीयांसाठी वाचन, मनन, प्रार्थना व चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन परंपरांनी वाचनानंतरची पायरी 'मनन' हीच मानावी, ही बाब लक्षणीय आहे.

अहिंसेच्या ओव्या

मननाने नेमके काय साधते, हे तेराव्या अध्यायावरून पाहता येईल. गीतेतील 'अहिंसा' या एका शब्दावर ज्ञानदेवांनी शंभराहून अधिक ओव्या लिहिल्या आहेत. प्रथम ते पर्जन्यासाठी पशू मारणाऱ्या यज्ञांचा व जीव वाचवण्यासाठी वनस्पती उपटणाऱ्या वैद्यकाचा परामर्श घेतात. नंतर अहिंसा शरीरात कशी दिसते हे सांगू लागतात : पाऊल कसे पडते, दृष्टी कशी स्थिरावते, बोल कसा निघतो, हात कसा उचलला जातो. पारायणाच्या गतीने हा सर्व भाग अर्ध्या तासात सरतो. याच ओव्या एखाद्या कारखान्यातील मुकादमाने महिनाभर मनात घोळवल्या, तर हेल्परला हाक मारताना आपला स्वर कसा असतो, हा प्रश्न त्यास टाळता येणार नाही. ज्ञानदेवांचा अहिंसक मनुष्य अरण्यात बसलेला नाही, तो चालतो आणि बोलतो.

हा प्रश्न केवळ वैयक्तिक शीलाचा नाही. समतेचे अभंग शतकानुशतके मुखोद्गत असतानाही चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरी उपोषणास बसावे लागले. परस्परांच्या पाया पडणाऱ्या समुदायास ही विसंगती इतका काळ का बोचली नाही, याचे एक कारण वाचनाच्या पद्धतीत शोधता येईल. सत्ता, रूढी व हितसंबंध ही कारणे आहेतच. परंतु म्हणण्याची सवय झालेला शब्द प्रश्न विचारीत नाही, हेही खरे.

परंपरेतील आधार

मननाचा आग्रह संप्रदायास परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठभेद निवडणे हे शब्दाशी थांबल्यावाचून होत नाही. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली ती ग्रंथांच्या पद्धतशीर अध्ययनासाठी. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर हे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील केळवे-माहीमचे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि निष्ठावंत वारकरी ही दोन्ही नाती त्यांनी एकाच वेळी सांभाळली. महाविद्यालयीन अध्यापकांस हे उदाहरण जवळचे वाटावे.

शहरी मंडळींची मुख्य अडचण भाषेची आहे. तेराव्या शतकातील मराठीचे अनेक शब्द आज अर्थबोध करून देत नाहीत. सार्थ आवृत्ती हाताशी असली तरी अर्थ सलग वाचला जातो, त्यावर बोलणे होत नाही. आठवड्यातून एकदा हरिपाठानंतर पाच ओव्या घेऊन पाऊण तास बसणे हे वस्तीतील मंदिरात सहज शक्य आहे. त्यासाठी प्राचीन मराठी जाणणारी एक व्यक्ती हवी, आणि अशा व्यक्ती परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांत आहेत. मात्र तेथे अध्यापकाने व्याख्यात्याच्या आसनावर बसून चालणार नाही. तीस वर्षे वारी केलेल्या गृहस्थास ओवीचा जो अर्थ चालताना लागला असेल, तो शब्दकोशात सापडेलच असे नाही. दररोज एकच ओवी घेतल्यास संपूर्ण ग्रंथास पावणेपंचवीस वर्षे लागतात. वागळे इस्टेटमधील कारखाने चालू होते तेव्हा अनेकांची नोकरी साधारण तेवढीच होत असे.