जुळविलेल्या रायफलीची पुष्पिका

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणारांस हा अनुभव नवा नाहीं कीं, एका वेष्टनांत बांधलेलीं सारीं पत्रें एकाच लेखकाच्या हातचीं असतातच असें नाहीं. मध्येंच कागदाची जात बदलते, शाई फिकट होते, पत्रांक पुनः एकापासून सुरू होतो. अशा संमिश्र पोथीस आपण टाकाऊ म्हणत नाहीं. परंतु ती अखंड आहे असेंही म्हणत नाहीं. हाच विवेक एका अगदीं निराळ्या वस्तूच्या बाबतींत करण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं प्रस्तुत लेखकावर आला. ती वस्तु म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील ब्रिटिश सैन्याची स्नायपर रायफल. म्हणजे आडोशास बसून दूरचा नेम साधणाऱ्या सैनिकाची, दुर्बीण लावलेली बंदूक.

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडांत स्थायिक झाला आहे. सुटे भाग जमवून अशा रायफलीची प्रतिकृति जुळविण्याचा उद्योग त्यानें कित्येक वर्षें चालविला होता. मला बंदुकीचें ज्ञान नव्हतें. परंतु त्यानें पत्रांतून एक प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं मला तो विषय समजून घ्यावा लागला. प्रश्न आणि उत्तर हीं दोन्हीं आपल्या कामाशीं निगडित असल्यामुळें येथें मांडतों.

प्रथम मूळ वस्तूचा परिचय करून घेऊं. या रायफलीचें सरकारी नांव 'नंबर ४, मार्क १ (टी)' असें असून ती ली-एन्फील्ड कुळांतील आहे. नळीचा व्यास .३०३ इंच. कारखान्यांत तयार होणाऱ्या साध्या नंबर ४ रायफलींपैकीं ज्यांचा नेम परीक्षेंत विशेष अचूक ठरे, त्या वेगळ्या काढीत. अशा निवडक रायफलींतील बहुसंख्य बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीच्या शर्ली येथील कारखान्यांत झालेल्या होत्या. इ. स. १९४२ पासून त्या लंडन येथील हॉलंड अँड हॉलंड या बंदूक-कारागिरांच्या पेढीकडे जाऊं लागल्या. तेथें रायफलीच्या डाव्या अंगास दोन पोलादी बैठका बसवीत आणि त्या बैठकांवर दुर्बिणीची पकड दोन मोठ्या स्क्रूंनीं हातानें आवळतां येई. दुर्बीण नेहमींच्या माशीपेक्षां उंच असल्यामुळें डोळा तिच्या रेषेंत यावा म्हणून दस्त्यावर गाल टेकण्यासाठीं लाकडी उंचवटा लावीत. अशा तेवीस हजारांहून अधिक रायफली त्या पेढीनें सिद्ध केल्या.

दुर्बीण 'नंबर ३२' या नांवाची होती. ती मुळांत ब्रेन या यंत्रबंदुकीसाठीं योजिलेली होती, असें सांगतात. तिच्यांतून लक्ष्य तिप्पट मोठें दिसे. वरच्या चकतीवर एक हजार यार्डांपर्यंतचे आंकडे कोरलेले असत. बाजूची चकती वाऱ्यासाठीं असे. पहिल्या प्रकारांत बाजूच्या चकतीची प्रत्येक खटकी दोन कलांची होती, ती पुढें एका कलेची झाली. म्हणजे चकतीच्या खटक्या मोजूनसुद्धां दुर्बिणीची पिढी ओळखतां येते. आपण अक्षरांच्या वळणावरून लेखनाचा काळ अजमावतों, तसेंच हें.

आतां मुख्य मुद्दा. प्रत्येक पकड तिच्या त्याच रायफलीवर बेतून बसविलेली असे आणि दुर्बीण त्याच पकडीत जुळवून घेतलेली असे. एकीची दुर्बीण दुसरीस लावली तर नेम चुके. या कारणानें हे तीन भाग परस्परांस क्रमांकांनीं बांधून ठेविले होते. रायफलीचा क्रमांक पकडीवर ठोकीत; आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मनगटाइतक्या बारीक भागावर, वरच्या बाजूस, ठोकीत. यांखेरीज निवड झालेल्या रायफलीच्या अंगावर डावीकडे 'टीआर', काम पुरें झाल्यावर 'टी', आणि दस्त्याच्या खालच्या अंगास 'एस ५१' अशीं चिन्हें येत. शेवटलें चिन्ह हॉलंड अँड हॉलंड यांचा युद्धकालीन संकेत होय. पोथीशाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर क्रमांक हे पत्रांक होत, आणि 'एस ५१' ही लेखकाची सही होय.

युद्धानंतर या जोड्या फुटल्या. रायफली एकीकडे विकल्या गेल्या, दुर्बिणी दुसरीकडे. दस्ते आणि पकडी मोडीच्या ढिगांत गेल्या. आज अखंड जोडीस मोठें मोल येतें, म्हणून सुटे भाग जुळवून प्रतिकृति करण्याचा प्रघात पडला, नव्यानें घडविलेले भागही विकावयास आले, आणि त्याबरोबरच खोट्या ठशांचा धंदाही सुरू झाला.

आपल्या वाचकांसाठीं एक सूचना येथेंच दिली पाहिजे. आपल्या देशांत इ. स. १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावाचून बंदूक बनविणें किंवा दुरुस्त करणें हा गुन्हा आहे. नकली बंदुकीचें खऱ्या बंदुकींत रूपांतर करण्यासही परवाना लागतो, आणि 'शस्त्र' या शब्दांत शस्त्राचे भागही येतात. माझ्या विद्यार्थ्याची रायफल कायमची निकामी केलेली असून तसें तेथील परीक्षण-गृहाचें प्रमाणपत्र तिच्यासोबत आहे. तिच्यांतून गोळी सुटत नाहीं आणि सुटावी अशी त्याची इच्छाही नाहीं. ती पाहण्याची वस्तु आहे.

त्यानें मला जी यादी पाठविली ती येणेंप्रमाणें. रायफलीचें अंग शर्लीचें, पण साधें. त्यावर 'टीआर' नाहीं, म्हणजे तिची निवड कधीं झालीच नव्हती. पकड अस्सल, परंतु तिच्यावर दुसऱ्याच एका रायफलीचा क्रमांक. दुर्बीण अस्सल, तिसऱ्या प्रकारची. मात्र तिची एक चकती नवी घडविलेली. दस्ता अस्सल, त्यावर 'एस ५१' स्पष्ट. परंतु माथ्यावर भलत्याच दुर्बिणीचा क्रमांक. गालाचा उंचवटा आणि चामडी पट्टा अगदीं नवे. पत्राच्या शेवटीं त्यानें लिहिलें होतें : "गुरुजी, तीन ठिकाणीं तीन घरचे क्रमांक आहेत. ते घासून एकच जुळता क्रमांक घातला आणि अंगावर 'टी' ठोकला, तर प्रतिकृति परिपूर्ण होईल. मी ती विकणार नाहीं. यांत आपणांस कांहीं गैर वाटतें काय?"

उत्तर लिहावयास बसलों तेव्हां मला माझी स्वतःची फजिती आठवली. तीस वर्षांपूर्वीं मीं एक दशमस्कंधाची पोथी घेतली, ती तिच्या पुष्पिकेंतील जुन्या शकासाठीं. तो शक मीं एका मंडळींत अभिमानानें वाचूनही दाखविला. पुढें एका स्नेह्यानें शेवटचें पत्र उजेडाकडे धरलें, तेव्हां पत्रांकावर हरताळ लावून त्यावर नवा अंक घातलेला दिसला. पत्र दुसऱ्या पोथीचें होतें. विकणारानें तें मुद्दाम केलें कीं कोण्या भाविकानें अपुरी पोथी पुरी व्हावी म्हणून केलें, हें मला आजवर कळलेलें नाहीं. आणि गोम इथेंच आहे. करणाराचा हेतु त्याच्याबरोबर जातो, हरताळ मागें राहतो. शिवाय माझ्या पोथीस भलता शक मिळाला एवढ्यानेंच हानि संपली नाहीं. ज्या पोथीचा तो शक होता, ती कोठें तरी पुष्पिकेवाचून पडली असेल, आणि तिचें वय आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं.

म्हणून मीं त्याला लिहिलें : "तुझ्या पकडीवरील क्रमांक चुकीचा नाहीं. तो दुसऱ्या एका रायफलीचा खरा क्रमांक आहे, आणि ती रायफल जगांत कोठें तरी असूं शकेल. दस्त्यावरील क्रमांक एका हरवलेल्या दुर्बिणीचा पत्ता आहे. ते तूं घासलेस तर तुझी एक वस्तु नीटस होईल आणि दुसऱ्या दोन वस्तु कायमच्या अनाथ होतील. तूं विकणार नाहींस हें मला ठाऊक आहे. तुझ्या मागून येणाऱ्याचें काय?"

जुळविणें हाच दोष, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. आपल्याकडील 'फिरंगी' तलवारींत पातें युरोपचें आणि मूठ इकडची असते. तिला कोणी खोटी म्हणत नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ति, जी इ. स. १९६६ मध्यें पूर्ण झाली, तिचा पाठ तरी कोणत्या एका पोथींत जसाच्या तसा आहे? शेंकडों हस्तलिखितांतून तो जुळविलेला आहे. परंतु कोणता पाठ कोठून आला हें तळटीपांत दिलें आहे, आणि जेथें संपादकांस खात्री वाटली नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढली आहे. ती रेघ आवृत्तीचें वैगुण्य नसून तिच्या विश्वासार्हतेचें मूळ आहे.

यावरून जुळविलेल्या वस्तूसाठीं मीं त्याला तीन नियम सुचविले. पहिला : जुना ठसा, मग तो कितीही विसंगत असो, घासूं नये. दुसरा : जें चिन्ह मुळांत मिळालें नाहीं तें नव्यानें उमटवूं नये, सबब 'टी' नाहीं. तिसरा : प्रत्येक नव्या भागावर, सहज न दिसणाऱ्या पण न पुसणाऱ्या जागीं, तो केव्हां केला तें वर्ष लिहावें.

त्याला हें लगेच पटलें नाहीं. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तीन क्रमांक खुपतील, असें त्यानें दोनदां लिहिलें. शेवटीं त्यानें मानलें. लाकडी उंचवट्याच्या आंतल्या अंगावर वर्ष कोरलें. दस्त्याच्या टोकाशीं पत्र्याच्या झांकणामागें एक पोकळी असते. सैनिक तींत तेलाची कुपी आणि नळी पुसण्याची दोरी ठेवीत. त्या पोकळींत त्यानें सर्व भागांची यादी, कोणता अस्सल, कोणता नवा, कोणता कोणाचा, अशी लिहून गुंडाळून ठेविली. ही त्या रायफलीची पुष्पिका होय.

अलीकडच्या पत्रांत तो लिहितो कीं, पकडीवरील क्रमांकाची रायफल ज्यांच्याजवळ असेल त्यांनीं कळवावें, असें त्यानें संग्राहकांस जाहीर कळविलें आहे. ती सांपडल्यास पकड तिकडे द्यावी लागेल आणि इतक्या वर्षांचें त्याचें काम पुनः अपुरें होईल. तरीही तो वाट पाहत आहे. आपल्या दप्तरांतील सुटीं पत्रें आपणही याच बुद्धीनें एकदां उजेडाकडे धरून पाहावीं.