चौथी भिंत

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं आपण म्हणतो. जुन्या घराला खोली जोडून पाहावी, असं मात्र कुणी म्हणत नाही. ते काम सोपं वाटतं. घर तर उभंच आहे. एक खोली वाढवायची, त्यात काय मोठंसं?

कोल्हापूरकडच्या गावांत ही वेळ बहुतेक अशी येते. भावाभावांची वाटणी होते. वाडवडिलांच्या घरातले दोन खण वाट्याला येतात. घर पहिल्यांदाच आपल्या एकट्याच्या नावावर लागतं. पुढं सोपा, आत माजघर, मागं परडं. पोरगा लग्नाला आलेला असतो. उसाचं बिल हातात पडतं, आणि परड्यात एक खोली काढायचं ठरतं.

गवंडी येतो, फिरून बघतो आणि म्हणतो, "मालक, मागची भिंत हाय की तयार. तिला तीन भिंती जोडू. एका भिंतीचा खर्च वाचला!"

हे ऐकायला गोड लागतं. पण किती वाचतं ते आपणच बघू. वही आणि पेन्सिल घ्या.

खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच धरू. कोपऱ्यांचा बारीक हिशेब सोडून देऊ. तीन भिंतींची लांबी १२ आणि १० आणि १०, म्हणजे ३२ फूट. तिला उंचीनं गुणा. ३२ गुणिले ९, झाले २८८ चौरस फूट. खिडकीचे १२ वजा करा. राहिले २७६. नऊ इंची भिंतीला एका चौरस फुटामागं साधारण ११ विटा लागतात. म्हणजे ३०३६ विटा.

आता चार भिंती. लांबी ४४ फूट. ४४ गुणिले ९ म्हणजे ३९६. खिडकीचे १२ आणि दाराचे २१ वजा करा. राहिले ३६३. त्याला ११ नं गुणलं की ३९९३ विटा होतात.

फरक ९५७ विटांचा. त्यावर सिमेंट, वाळू, पाया आणि मजुरी. बचत काही थोडी नाही. पण ती करून आपण काय पदरात घेतो, तेही बघायला हवं.

जुनी भिंत दगडमातीची आहे. इतकी वर्षं तिनं आपल्या आढ्यावाशांचा भार सोसला. तिच्या खालची जमीन दबून घट्ट झाली आहे. नव्या भिंतीखालची जमीन अजून दबायची आहे. पहिल्या एकदोन पावसाळ्यांत नवी बाजू थोडी खाली बसणार. जुनी बसणार नाही. दोन्ही एकमेकींत गुंतवल्या असतील, तर सांध्यावर वरपासून खालपर्यंत चीर पडते. गिलावा करून ती बुजवली, तरी पुढच्या वर्षी पुन्हा दिसते. मग त्या चिरेतून पाणी जुन्या मातीच्या भिंतीत उतरतं. नुकसान तिथं सुरू होतं.

काळ्या रानातल्या गावांत हे जास्त होतं. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हात आकसते. चैत्र-वैशाखात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण बघतोच. तीच माती घराखालीही असते. म्हणून पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल, तर जाणत्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय खणू नये.

नदीकाठच्या गावांना आणखी एक भय. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली कितीतरी गावं पाण्यात होती. मातीची भिंत पाण्यात उभी राहिली की पायथ्याला मऊ होते. पुष्कळदा ती पाणी असताना तग धरते आणि पूर ओसरल्यावर बसते. नव्या खोलीचे वासे त्याच भिंतीत घातले असतील, तर जुन्या घराबरोबर नवी खोलीही जाते. पुराच्या पाण्याची खूण गावात कुठं तरी दाखवतातच. ती बघा आणि नव्या खोलीचं जोतं शक्य तितकं वर घ्या.

आणि ती मागची भिंत एकट्या तुमची आहे का? वाटणीच्या घरात एखादी भिंत दोघा भावांची असते. आज भाऊ म्हणेल, "घाल की वासे, परका का हाय?" उद्या त्यालाही घर पाडून नवं बांधायचं असेल. तेव्हा तुमचे वासे त्याच्या भिंतीत अडकलेले असतील. अशी भांडणं कोर्टापर्यंत गेलेली गावोगाव सापडतील. म्हणून म्हणतो, हजार विटा जास्त लागू देत. नव्या खोलीला तिची स्वतःची चौथी भिंत द्या.

ती जुन्या भिंतीत गुंतवू नका. मध्ये दोनतीन बोटांची फट राहू द्या. फटीवर पत्र्याची पट्टी बसवा, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. पट्टी एकाच भिंतीला पक्की करा. दुसऱ्या बाजूला ती मोकळी राहिली पाहिजे. पाया खणताना जुन्या पायाच्या खाली जाऊ नका. जावंच लागलं, तर सगळा चर एकदम उघडू नका. तीनचार फुटांचा तुकडा खणा, बांधून काढा, मग पुढचा तुकडा घ्या. घाईनं लांब चर मारला, तर जुनी भिंत अंगावर यायची.

खणण्याआधी आणखी एक माप घ्या. मागच्या वळचणीची जमिनीपासून उंची किती? जुन्या घरांची मागची वळचण बहुधा बुटकी असते. ७ फूट धरू. तिच्या खालून नवं छप्पर काढलं आणि ते कौलाचं केलं, तर दोन फुटांमागं साधारण एक फूट उतार हवा. १० फूट खोलीला ५ फूट उतार! पलीकडच्या टोकाला मग दोनच फूट उरतात. तिथं कोंबड्यासुद्धा वाकून जातील. पत्र्याला उतार कमी लागतो. तरी माणसाचं डोकं आपटणारच. नवं छप्पर जुन्यापेक्षा उंच घेतलं आणि जुन्या घराकडं उतरतं केलं, तर दोन्हींचं पाणी मधल्या पन्हळीत येतं. राधानगरी, गगनबावडा भागातल्या पावसात ती पन्हळ तुंबली की पाणी थेट माजघरात.

अशा घरी खोली तीनचार फूट लांब सरकवावी. मधल्या बोळात दोन्ही छपरांचं पाणी पडू द्यावं आणि फरसबंदी करून ते गटारीला काढावं. जाण्यायेण्यापुरता वर पत्रा टाकावा. पाणी शेजाऱ्याच्या परड्यात मात्र सोडू नये.

कागदांचं काम खणण्याआधी करा. ग्रामपंचायतीत नमुना नंबर ८ चा उतारा मिळतो. आपलं नाव आणि जागा त्यात बरोबर आहे का, ते स्वतः वाचा. हा उतारा घरपट्टीचा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. मालकीसाठी वाटणीपत्र आणि असल्यास मिळकत पत्रिका बघावी. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन अशा पत्रिका दिल्या जातात. बांधकामाला कोणती परवानगी लागते ते ग्रामपंचायतीत विचारा आणि मिळेल ती लेखी घ्या.

माल मोजून घ्या. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि वाळू दीड फूट भरली असेल, तर ती ९० घनफूट झाली. पैसे मात्र पुऱ्या ब्रासचे मागतील. गवंड्याशी ठराव वहीत लिहा. पाया झाला की इतके, भिंती झाल्या की इतके, छप्पर झालं की इतके. सगळे आधी देऊ नका.

दिवाळीनंतर जमीन सुकली की काम धरावं आणि मृगाच्या आधी छप्पर पुरं करावं. विटांच्या बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारावं.

जुन्या घरातून दार काढायचं असेल, तर ते सर्वांत शेवटी. नवी खोली पुरी झाल्यावर जुन्या भिंतीवरच्या वाशांना आधी टेकू द्यावेत. मग वर आडवा तोडा बसवावा, आणि त्यानंतरच त्याच्या खालची भिंत फोडावी.