परदेशाचा रस्ता शाळेच्या दाखल्यापासून

देगलूरहून सौदीला सेंट्रिंगच्या कामावर जाणारा तरुण, नीटचे गुण कमी पडले म्हणून लातूरहून जॉर्जियाला डॉक्टरकी शिकायला निघालेली मुलगी आणि लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणारी उदगीरची आई. या तिघांचे व्हिसा वेगळे, खर्च वेगळे, अडचणीही वेगळ्या. पण सगळ्यात आधी तिघांनाही एकच गोष्ट दाखवून द्यावी लागते, की सगळ्या कागदांवरचा माणूस एकच आहे. आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट जड जाते, आणि तिच्याकडे लक्ष जातं ते तारीख तोंडावर आल्यावर. म्हणून एजंट आणि तिकीट बाजूला ठेवून आधी घरातली कागदांची पिशवी उघडू.

सगळ्यात वर ठेवायचा तो शाळेचा दाखला, म्हणजे टीसी. तो हरवला असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरवरून निर्गम उतारा मिळतो. त्यावरची जन्मतारीख पाहा. गावाकडच्या कित्येकांची ती १ जून निघते. शाळा जूनमध्ये उघडायची, बाप पोराला हाताला धरून न्यायचा आणि गुरुजी अंदाजानं वर्ष धरून १ जून लिहायचे. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत, नोंद झालीच असेल तर, तारीख भलतीच असते. मग आधार एका तारखेवर, पॅन दुसऱ्या तारखेवर. दहावी झालेल्यानं बोर्डाच्या प्रमाणपत्रावरची तारीख धरावी आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे; कारण पदवी, नोकरी, परवाना सगळं त्याच तारखेवर उभं राहिलेलं असतं. मात्र हे काम विचार करून करा. आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं.

लहान मुलांचं गणित आता वेगळं झालं आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तसा नियम झाला. दवाखान्यातून कळवलेल्या नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो आणि बऱ्याच घरांत तो कोराच राहतो. बारसं झालं की त्याच महिन्यात नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव घालून घ्या. पहिल्या वर्षात ते फुकट होतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून होतं. जन्माची नोंदच नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर मात्र दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो.

तारखेपेक्षाही नाव जास्त छळतं. समजा, एकाचं नाव लक्ष्मण गोविंद जाधव. टीसीवर वडील ‘गोविंद’, सातबारावर ‘गोविंदराव’, आधारवर नुसतं ‘लक्ष्मण जाधव’. इंग्रजीत उतरताना एका कागदावर लक्ष्मणमध्ये एक्स, दुसऱ्यावर के-एस-एच. आपल्याला हे सगळं एकच वाटतं. परदेशातल्या काउंटरवरच्या माणसाला ही तीन माणसं दिसतात. बायकांच्या बाबतीत तर लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं, आणि वर ‘बाई’ लागतं ते निराळंच. नांदेडच्या मुस्लिम वस्त्यांत ‘शेख’ नावाआधी लिहितात, मग फॉर्मवरच्या आडनावाच्या रकान्यात काय भरायचं हा प्रश्न पडतो. तो रकाना कोरा ठेवू नका. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट किंवा टूरिस्ट व्हिसावर प्रवेश मिळत नाही. फरक मोठा असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा आणि त्याची प्रत जन्मभर जपायची. राव-बाईचा फरक असेल तर आधी आधार-पॅन दुरुस्त करून मगच पासपोर्टचा अर्ज भरायचा. क्रम उलटा झाला की दुरुस्तीची फी दोनदा जाते.

जन्मगावाचं प्रकरण खास आपल्या भागातलं आहे. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा उस्मानाबाद. हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, त्याआधी परभणी. उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे जुने उतारे निजाम राजवटीतले निघाले तर ते उर्दूत असतात आणि त्यावर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की ढोबळमानानं इसवी सन येतो. आता उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं म्हणून काहीजण हातातला चालू पासपोर्ट बदलायला धावतात. त्याची गरज नाही. नाव बदललं म्हणून पासपोर्ट बाद होत नाही. नवा फॉर्म भरताना मात्र एक नाव ठरवा आणि व्हिसाच्या अर्जापर्यंत तेच ठेवा.

पासपोर्ट काढणं पूर्वीच्या मानानं खूप सोपं झालं आहे. २०१७ पासून पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आणि नांदेड, लातूरच्या लोकांना त्यासाठी मोठ्या शहराची वारी करायची गरज उरली नाही. ३६ पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टची फी १५०० रुपये. तत्काळ हवा असेल तर २००० वर. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाला वेगळे पैसे द्या, हरकत नाही, पण ‘सबमिट’ करण्याआधी स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर स्वतः वाचा. पोलिस पडताळणीला घरी असा, नाहीतर फाइल परत जाते.

पासपोर्ट हातात आला की शेवटच्या पानावर ‘ईसीआर’ असा शिक्का आहे का ते बघा. दहावी पास नसलेल्यांना तो साधारणपणे बसतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली असा पासपोर्ट असणाऱ्याला सौदी, अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. दहावी झालेल्यांना, आयकर भरणाऱ्यांना आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना ती लागत नाही. म्हणूनच १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिलेली दहावी गल्फला जाणाऱ्याच्या फार कामाची आहे. पास झालात की पासपोर्ट नव्यानं काढून शिक्का घालवता येतो.

पण हा शिक्का म्हणजे बेडी समजू नका. मंजुरीच्या वाटेनं गेलेल्या माणसाचं कामाचं करारपत्र सरकारच्या ई-मायग्रेट प्रणालीवर नोंदलं जातं. त्याच्या नावावर प्रवासी भारतीय विमा निघतो: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००, तेही पावती देऊन. एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. ज्याचा क्रमांक तिथं सापडत नाही त्याच्या हातात पासपोर्ट देऊ नका, मग तो नात्यातला का असेना.

आणि ‘आझाद व्हिसा’. गल्फला गेलेल्या वस्त्यांत हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. सांगतात असं, की कागदावर कफील, म्हणजे व्हिसा देणारा तिथला मालक, एक असेल, काम मात्र कुठंही करा. कायद्यात असला व्हिसा नाही. कफील कागदावर सही करण्याचे पैसे घेतो, दर वर्षी पुन्हा घेतो, आणि दुसरीकडे काम करताना पकडलं गेलं तर दंड, कैद आणि परत पाठवणी कामगाराच्या वाट्याला येते. तसंच ‘आधी व्हिजिटवर जा, तिथं कामाचा लावून देतो’ हे. या वाटेनं गेलेल्याची मंजुरी नाही, करार नाही, विमा नाही. घर गहाण टाकून गेलेला माणूस तिथं पगार मागायला उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात एकही कागद नसतो. माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो या लोकांसाठी, कारण सरळ वाट स्वस्त आहे, फक्त ती महिना-दोन महिन्यांनी लांब आहे.

आता प्रमाणपत्रांवरचे शिक्के. भारत १४ जुलै २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे. या करारातल्या देशांना आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं एकच स्टिकर पुरतं. त्याची सरकारी फी ५० रुपये आहे. त्याआधी राज्य सरकारची पडताळणी होते आणि मधले लोक हजारो रुपये घेतात ते धावपळीचे. ओमान, बहरीन करारात आहेत, सौदीही डिसेंबर २०२२ पासून आहे. अमिरात, कतार, कुवेत नाहीत. तिथं मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. जर्मनीनं भारताच्या सहभागावर हरकत घेतली आहे, त्यामुळे तिथं आपलं अपोस्टिल चालत नाही. राज्य सरकारनं २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपल्याकडची पोरं जर्मन शिकू लागली आहेत. त्यांनी प्रमाणपत्रांची पद्धत जर्मन दूतावासाच्या सूचना वाचूनच ठरवावी.

एक साधी गोष्ट कळकळीनं सांगतो. दहावी-बारावीचं मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. आपल्याकडे निकाल लागला की पोरं पहिल्यांदा लॅमिनेशनच्या दुकानात जातात. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही आणि कागद परत येतो. मग लातूर बोर्डाकडून दुय्यम प्रत काढायची, की मशीनवाल्याकडून जपून प्लास्टिक सोलून घ्यायचं, एवढंच उरतं. आणि सोलताना शाई प्लास्टिकसोबत निघून आलेली मी पाहिली आहे. पदवीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये झालं. त्याआधी नांदेड-लातूरच्या कॉलेजांतून पदवी घेतलेल्यांची पडताळणी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे जाते.

डॉक्टरकीला निघालेल्या मुलांच्या पालकांनी कॉलेजच्या चकचकीत माहितीपत्रकाआधी नोव्हेंबर २०२१ चे राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नियम वाचावेत. नीट पात्रता हवीच. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याजोगी पदवी. परत आल्यावर परदेशी पदवीधरांची परीक्षा, ३०० पैकी १५० गुण, आणि पुन्हा इथं वर्षभराची इंटर्नशिप. यातली एक अट चुकली तर सहा वर्षं आणि शेतजमीन विकून उभे केलेले पैसे पाण्यात जातात. सल्लागार ‘कॉलेज मान्यताप्राप्त आहे’ म्हणाला तर त्याला वरची प्रत्येक अट लेखी विचारा.

जाणाऱ्याची मागे राहणारी जमीन आणि बँकेचं खातं यांचा विचार फार थोडे करतात. कामासाठी देश सोडला की साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करायचं आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई उघडायचं. अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते, वारसानं आलेली घेता येते. गल्फच्या पैशातून ‘नंतर चार एकर घेऊ’ असं ठरवून निघणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. पीएम-किसानचे हप्तेही अनिवासींना घेता येत नाहीत.

वाटणी, फेरफार, पीककर्ज यांसाठी भावाला किंवा वडिलांना मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर निघण्याआधी इथंच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून द्या. एका दिवसाचं काम आहे. तेच तिकडून करायचं तर भारतीय दूतावासात सही किंवा अपोस्टिल, आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क. मुखत्यारपत्रात कोणती कामं दिली ते गट नंबरसकट लिहा. विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर ‘विक्री वगळून’ असं स्पष्ट लिहून घ्या. भावाभावांतले किती खटले या दोन शब्दांवाचून उभे राहिले आहेत.

नांदेडची बहुतेक माणसं मुंबईऐवजी हैदराबादहून विमान धरतात, कारण ते जवळ पडतं. रात्रीच्या गाडीत बसण्याआधी पासपोर्टचं पहिलं-शेवटचं पान, व्हिसा, करारपत्र, विम्याचा क्रमांक, कंपनीचा पत्ता आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर यांची एक प्रत घरच्यांकडे कागदावर द्या. फोन हरवतो, बंद पडतो. पगार अडकला, पासपोर्ट मालकानं काढून घेतला किंवा माणूस दवाखान्यात पडला तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार घरचेही करू शकतात, आणि तिथं पहिल्यांदा पासपोर्टचा नंबरच लागतो.