जुना कॅमेरा आणि मधे थांबलेले पैसे

२००५ च्या दिवाळीनंतर मी ऑनलाइन लिलावात पहिला कॅमेरा घेतला, निकॉन एफएम-टू. जाहिरातीत 'एफएम-टू-एन, उत्तम स्थिती' असं लिहिलं होतं. खोकं उघडून कॅमेरा हातात घेतला आणि शटरच्या चकतीवर 'एक्स २००' ही खूण दिसली. १९८४ साली आलेल्या 'एन' मॉडेलवर ती नसते. तिथे २५० चा आकडा लाल असतो आणि पाठीवर कोरलेल्या नंबराआधी 'एन' अक्षर असतं. माझ्याकडे आला होता तो १९८२ साली आलेला पहिला एफएम-टू. कॅमेरा व्यवस्थित चालत होता, पण जाहिरातीतला फोटो त्याचा नव्हताच, आणि तोही फक्त समोरून काढलेला. तेव्हापासून पाठीचा, नंबर वाचता येईल असा फोटो आल्याशिवाय मी बोली लावलेली नाही.

हे सगळं आपल्याकडे तेव्हा नवं होतं. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेल्या ईबेने २००४ मध्ये इथली बाझी डॉट कॉम विकत घेतली. तोवर मुंबईत जुना कॅमेरा हवा असला की फोर्टातला बोरा बाजार गाठायचा. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी आहे का बघायचं, शटर एकेका वेगावर दाबून कान लावायचा आणि मग भावाचं बोलायचं. लिलावामुळे जपान-जर्मनीतली कपाटं आपल्यासाठी उघडली, पण माल हाताळून घ्यायची सोय गेली. ती उणीव काही अंशी भरून काढली ईबेच्या 'पैसापे'ने. गिऱ्हाइकाने भरलेले पैसे मधे थांबायचे, माल पोचल्यावर विक्रेत्याकडे जायचे. या वीस वर्षांत मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक फसवणुकीत धडपड एकच होती: हे मधलं थांबणं टाळायचं.

सर्वांत बेमालूम प्रकार 'सेकंड चान्स'चा. लिलावात तुमची बोली थोडक्यात हुकलेली असते, मन हळहळत असतं. दुसऱ्या दिवशी ईमेल येतो की जिंकलेल्याने माघार घेतली, तुमच्याच बोलीला लेन्स देतो, पैसे मात्र वेस्टर्न युनियनने थेट पाठवा. अशी दुसरी संधी द्यायची सोय लिलावात खरोखरच होती, म्हणून ईमेल खरा वाटायचा. बोली लावणाऱ्यांची नावं त्या काळी उघड दिसत, त्यामुळे हरलेला गाठणं सोपं होतं. पुढे ती नावं झाकली गेली. माझ्या एका मित्राने अशीच एक लेन्स 'घेतली'. तिच्यासाठी त्याने वर्षभर पैसे साठवले होते. त्याने कॅमेराच ठेवून दिला, आणि याची चुटपुट मला आजही आहे.

लायकाची गोष्ट निराळी, तिथे वस्तूच सोंग घेऊन येते. लायका-टू १९३२ चा. १९३४ पासून खारकिव्हमध्ये त्याची नक्कल 'फेड' बनू लागली, युद्धानंतर 'झोर्की' आला. दोन्ही आपापल्या नावाने चांगले, टिकाऊ कॅमेरे. पण त्यांच्यावरचं नाव घासून 'लायका' कोरायचं, पितळी मुलामा द्यायचा, जर्मन हवाई दलाची गरुडमुद्रा उमटवायची आणि युद्धकालीन दुर्मीळ नग म्हणून लिलावात ठेवायचा, हा धंदा आजही चालतो. ओळख लेन्स काढल्यावर पटते. आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरचा जो दांडा असतो, त्याच्या टोकाला अस्सल लायकात गोल चाक असतं, सोव्हिएत नकलेत पाचरीसारखा भरीव तुकडा. लेन्स काढून आतला फोटो पाठवायला जो विक्रेता तयार नाही, त्याच्याकडून लायका घेऊ नये.

२००८ पर्यंत ईबेवर विक्रेत्याला गिऱ्हाइकाविरुद्ध वाईट अभिप्राय नोंदवता यायचा. त्या सूडाच्या भीतीने लोक खोटंनाटं चांगलं लिहीत. ती सोय बंद झाली तेव्हा विक्रेते फार चिडले, पण अभिप्राय वाचण्याजोगे झाले ते त्यानंतरच. अर्थात नुसता आकडा बघून भागत नाही. पाचशे चांगले अभिप्राय मोबाइलच्या कव्हरांवर कमावलेले असतात आणि अचानक एके दिवशी तिथे महागड्या लेन्सा दिसू लागतात. अशा वेळी ते खातं दुसऱ्याच कोणी बळकावलेलं असू शकतं.

२०११ मध्ये गुगलवर फोटोवरून फोटो शोधायची सोय आली आणि उसना फोटो पकडणं मिनिटाचं काम झालं. डिजिटल कॅमेऱ्यासाठी मी त्याही पुढे जातो. आज काढलेली एक जेपेग फाइल मागतो, कार्डावरून उतरवलेली, कुठल्याही सॉफ्टवेअरमधून न काढलेली. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआरच्या फाइलमध्ये बॉडीचा नंबर आणि शटर काउंट दोन्ही सापडतात. कॅमेरा त्या माणसाकडे खरंच आहे की नाही, हेही त्याच एका फाइलमधून कळतं.

२०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झालं आणि त्याबरोबर पैसापेही गेलं. मधे थांबणारे पैसे आपल्या हौशी बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले, आणि नेमके याच काळात यूपीआयने पैसे क्षणात पोचू लागले. मग 'मी फौजेत आहे, बदली झाली, कॅमेरा विकायचाय, कुरिअरसाठी आगाऊ पाठवा' सुरू झालं. विकणारेही सुटले नाहीत. 'हा क्यूआर स्कॅन करा, तुमच्या खात्यात पैसे येतील' असं सांगून त्यांचीच खाती रिकामी केली गेली. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे आपण घरातल्या प्रत्येकाला सांगायला हवं. आणि कोणी फसलंच तर लाज बाजूला ठेवून त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला हवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात.

परवा भाचीसाठी जपानमधून निक्कॉर १०५ एमएम लेन्स मागवली. विक्रेत्याने आधी कळवलं, पेपालवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली'तून पैसे पाठवा, थोडं स्वस्त पडेल. त्या मार्गाने गिऱ्हाइकाला संरक्षण मिळत नाही, म्हणून तो सोडून दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतली. सीमाशुल्क धरून महाग पडली. पार्सल आल्यावर भाचीने खोकं फोडतानाचा अख्खा व्हिडिओ काढला, आधी पत्त्याची चिठ्ठी, मग सील. जाहिरातीत 'मिंट' म्हटलं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'किंचित धुरकटपणा'. आम्ही दिवे मालवले. तिने मोबाइलची बॅटरी मागच्या काचेवर धरली, डोळा बारीक केला आणि म्हणाली, "मामा, कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आहे." ती बुरशीच होती, धुरकटपणा नव्हे. परत पाठवायला तीस दिवसांची मुदत होती. तिने त्याच रात्री अर्ज भरला, सोबत बॅटरीच्या उजेडातला फोटो जोडला.