पाण्यासाठी १५० दिवस: ‘फॉलआउट’ आजही का खेळावा?

बारामतीच्या जिरायती पट्ट्यात किंवा इंदापुरात नीरा डाव्या कालव्याच्या टेलला राहणाऱ्यांना पाण्याची वाट पाहणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. १९९७ साली इंटरप्लेने आणलेल्या ‘फॉलआउट’ या कॉम्प्युटर गेमची गोष्ट तिथूनच सुरू होते. अणुयुद्धानंतर जमिनीखाली तगून राहिलेल्या वस्तीची पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते आणि नवी शोधायला तुमच्या हातात १५० दिवस असतात. हा गेम अजून रंगतो, कारण तो प्रत्येक निर्णयाचा हिशेब मागतो. व्यापाऱ्यांना पैसे मोजून वस्तीत पाणी पोचवलं, तर १०० दिवस वाढतात. पात्राची बुद्धी फारच कमी ठेवली, तर त्याला धड बोलताही येत नाही. उलट नीट पुरावे जमवले, तर शेवटच्या खलनायकाला नुसत्या बोलण्याने हरवता येतं.

ग्राफिक्स जुने आहेत, पाळीपाळीने चालणारी लढाई संथ वाटते, हे आक्षेप खरेच. पण त्या संथपणामुळेच विचाराला वेळ मिळतो. शिवाय साध्या कॉम्प्युटरवर, इंटरनेटशिवायही गेम चालतो. दिवसांची मुदत जाचक वाटते? ती काढून टाकली, तर गोष्टीतल्या पाण्याला किंमतच उरणार नाही. सुरुवात कशी करायची, कोणते गुण वाढवायचे, बिनधास्त विचारा.